हाय टेन्साइल बोल्ट प्लेटिंगनंतर तुटू नयेत म्हणून: किनाऱ्यावरच्या वर्कशॉपसाठी पायरी-पायरीने

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, इंजिनं उघडलेली, विंच सुटी केलेली. मिरकरवाडा, हर्णे, देवगड, मालवण, कुठेही जा, बंदरालगतच्या वर्कशॉपांत या दोन महिन्यांत बोल्ट, पिना, स्प्रिंगा, वॉशर यांचे ढीग लागतात. मालकांची मागणी एकच: गंज काढा, झिंक मारून चकाचक करा, नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली पाहिजे. आणि नेमकी याच दिवसांत हवा इतकी ओली असते की संध्याकाळी साफ करून ठेवलेला जॉब सकाळी लालसर दिसतो. गंज आला की ॲसिड आलं, ॲसिड आलं की हायड्रोजन आला. साध्या माइल्ड स्टीलच्या बोल्टाला त्याचं काही वाटत नाही. १२.९ च्या, म्हणजे फार कडक, हाय टेन्साइल दर्जाच्या बोल्टाला वाटतं, आणि तो ते बसवल्यावर दुसऱ्या दिवशी तुटून सांगतो.

आपल्याकडे या विषयावर बोलणं निघालं की उत्तर ठरलेलं असतं: ‘बेकिंग करून घ्या.’ बेकिंग, म्हणजे प्लेटिंगनंतर ओव्हनमध्ये भाजून हायड्रोजन बाहेर काढणं, हवंच, पण तो शेवटचा उपाय आहे. खरा निकाल त्याआधी लागतो, ॲसिडच्या टाकीत आणि त्याच्याही आधी, हा जॉब प्लेट करायचा की नाही हे ठरवताना. म्हणून हा लेख ओव्हनपासून नाही, हार्डनेस टेस्टरपासून सुरू होतो.

आत नेमकं काय होतं

लोखंड ॲसिडमध्ये विरघळतं तेव्हा पृष्ठभागावर हायड्रोजनचे सुटे अणू तयार होतात. प्लेटिंगच्या टाकीत जॉब ऋण टोकाला असतो, तिथेही तेच. यातले बरेचसे अणू जोडीने एकत्र येऊन बुडबुडे होऊन निघून जातात. काही मात्र जोडी जमण्याआधीच पोलादात शिरतात. हा अगदी लहान अणू असल्याने पोलादाच्या जाळीतून तो सहज फिरतो आणि जिथे ताण जास्त तिथे गोळा होतो: डोकं आणि दांडा मिळतात तो कोपरा, नटात अडकलेला पहिला आटा, एखादी खाच. बोल्ट आवळला की तिथल्या कणांच्या सीमा कमकुवत होतात, बारीक चीर पडते, हायड्रोजन चिरेच्या टोकाकडे सरकतो, चीर पुढे जाते. सगळं शांतपणे, यील्डपेक्षा, म्हणजे बोल्ट कायमचा ताणला जातो त्या भारापेक्षा, कितीतरी कमी भारावर. काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी डोकं टणकन उडतं.

हे काही नवं नाही. डब्ल्यू. एच. जॉन्सन यांनी १८७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हेच मांडलं होतं: ॲसिडात बुडवलेली लोखंडी तार ठिसूळ होते, आणि ताज्या तुटलेल्या टोकाला पाणी लावलं तर त्यातून बुडबुडे येतात. तार काही काळ ठेवून दिली तर चिवटपणा बराचसा परत येतो हेही त्यांनी पाहिलं होतं. बेकिंगचं मूळ तत्त्व तेच. उष्णता फक्त वेग वाढवते.

तुटलेला तुकडा हातात आला तर भिंगाखाली बघा. जास्त भाराने तुटलेला बोल्ट आधी ताणला जातो, मान बारीक होते, कड तिरकी फाटते. हायड्रोजनने तुटलेला बोल्ट सरळ आडवा तुटतो, मान जराही बारीक होत नाही आणि तोंडावर खडीसाखर फोडल्यासारखे चमकणारे दाणे दिसतात. प्लेटिंगनंतर लगेच तुटला असेल तर त्या तोंडावर गंजही नसतो. नक्की निदान इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीच होतं, पण वर्कशॉपात संशय घ्यायला एवढं पुरतं.

पायरी १: हार्डनेस मोजा, डोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका

डोक्यावरचे ८.८, १०.९, १२.९ हे बोल्टाच्या ताकदीचे दर्जे; एचआरसी (रॉकवेल सी) आणि व्हिकर्स ही हार्डनेसची मापं. ८.८ चा बोल्ट साधारण २२ ते ३२ एचआरसी, १०.९ चा ३२ ते ३९, १२.९ चा ३९ ते ४४. धोक्याची रेषा ३९ एचआरसी म्हणजे सुमारे ३९० व्हिकर्सच्या आसपास धरली जाते. बोल्टांच्या प्लेटिंगच्या आयएसओ ४०४२ या मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीत हीच रेषा आहे. प्रक्रिया ताब्यात असेल तर तिच्याखाली भीती कमी. जुन्या नियमांत ही रेषा बरीच खाली, ३१-३२ एचआरसीला असायची आणि बरेच ग्राहक अजून तीच मागतात. ड्रॉइंगवर जे लिहिलं असेल ते पाळा.

डोक्यावर १०.९ कोरलेलं असणं आणि आतून १०.९ असणं या दोन गोष्टी आहेत. टेम्परिंग, म्हणजे कडक केल्यावर पुन्हा तापवून ठिसूळपणा उतरवणं, कमी झालेला लॉट ४१-४२ एचआरसी दाखवतो आणि तोच पुढे दगा देतो. म्हणून प्रत्येक लॉटमधले चार-पाच नग टोकाकडून घासून मोजा. स्वतःचा टेस्टर नसेल तर एमआयडीसीत कुणाकडे तरी असतोच, कुडाळपासून लोट्यापर्यंत.

बोल्टांपेक्षा जास्त फसवणारे दोन प्रकार आहेत. पहिला स्प्रिंग वॉशर. हे ४४ ते ५१ एचआरसीपर्यंत असतात, दिसायला फालतू, किलोवर मिळतात, आणि कुणी हार्डनेस विचारत नाही. प्लेटिंगच्या बॅरलमध्ये, म्हणजे फिरत्या पिंपात, बोल्टांबरोबरच टाकले जातात. आवळल्यावर रात्रीत दोन तुकडे होतात आणि जोड सैल पडल्यावर दोष बोल्टाला लागतो. दुसरा प्रकार केस हार्डन केलेले सेल्फ ड्रिलिंग स्क्रू. २०२० च्या निसर्ग आणि २०२१ च्या तौक्ते वादळांनंतर कोकणात किती छपरं पुन्हा पत्र्याने शाकारली गेली ते आपण पाहिलंच. या स्क्रूंचा गाभा मऊ असतो, पण कातडी ४५० व्हिकर्सच्या वर असते. पत्र्यावर फिरताना पायाला नुसती डोकी लागतात तेव्हा कारण बहुतेक वेळा इथे असतं.

पायरी २: प्लेट करायचंच का?

हा प्रश्न विचारायला कुणाला आवडत नाही, कारण ‘नाही’ म्हटलं की जॉब हातचा जातो. तरी विचारा.

कनेक्टिंग रॉडचे, फ्लायव्हीलचे, गिअरबॉक्स कपलिंगचे बोल्ट कंपनीकडून बहुधा काळे किंवा फॉस्फेट केलेले येतात. ते तेलात किंवा झाकणाआड राहतात. त्यांना झिंकची गरज नाही. उलट झिंकने आट्यांचं घर्षण बदलतं आणि त्याच टॉर्कला भलताच ताण बसतो. हे बोल्ट प्लेटिंगला आले तर सरळ परत द्या आणि नवे आणायला सांगा.

उघड्यावरच्या १२.९ साठी मी इलेक्ट्रोप्लेटिंग सुचवतच नाही. झिंक फ्लेकचं कोटिंग घ्या. जिओमेट या नावाने ते बाजारात ओळखलं जातं. जस्त आणि ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांचा हा लेप बुडवून, फिरवून, सुमारे ३०० अंशांना भाजला जातो. त्यात वीजही नाही, ॲसिडही नाही, म्हणून प्रक्रियेतून हायड्रोजन येत नाही. अट एकच: आधीची सफाई शॉट ब्लास्टने, म्हणजे बारीक छर्‍यांच्या माऱ्याने, झाली पाहिजे. कुणी ‘आधी पिकलिंग (ॲसिडात गंज उतरवणं), मग फ्लेक’ करत असेल तर सगळा फायदा गेला. मेकॅनिकल प्लेटिंग, म्हणजे काचेच्या गोळ्यांनी जस्ताची पूड ठोकून बसवणं, हाही बरा पर्याय आहे. स्प्रिंग वॉशरला तो विशेष चालतो.

आणि एक रस्ता लोक विसरतात: ताकद कमी करा, माप वाढवा. एम १२ च्या १२.९ च्या जागी एम १६ चा ८.८ बसत असेल तर हा लेख इथेच मिटून ठेवायला हरकत नाही.

पायरी ३: आधीचा ताण उतरवा

हार्डनिंगनंतर ग्राइंडिंग, मशीनिंग किंवा सरळ करणं झालं असेल तर जॉबमध्ये ताण अडकलेला असतो आणि हायड्रोजन तिथेच धावतो. ताकद १००० मेगापास्कलच्या वर असलेल्या पोलादाला प्लेटिंगआधी २०० ते २३० अंशांना किमान ३ तास ठेवायचं. १४०० च्या वर गेलात तर १८ तास. तापमान टेम्परिंगच्या तापमानापेक्षा निदान ३० अंश कमी हवं, नाहीतर हार्डनेस उतरेल. केस हार्डन जॉबला १३० ते १६० अंश आणि ८ तास. नुसत्या हार्डन-टेम्पर केलेल्या, नंतर न घासलेल्या बोल्टाला ही पायरी सोडली तरी चालते.

पायरी ४: सफाई, म्हणजे खरी लढाई

पावसाळ्यातली नेहमीची साखळी अशी असते. उष्णतोपचाराहून जॉब आला, दोन दिवस पोत्यात पडला, गंजला. ॲसिडात टाकला. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली, तो तसाच राहिला. बाहेर काढून धुतला, टाकी रिकामी नव्हती म्हणून ओला ठेवला, पुन्हा गंजला, पुन्हा ॲसिड. दोन फेऱ्यांत इतका हायड्रोजन आत जातो की नंतर ओव्हनने कितीही केलं तरी खात्री देता येत नाही. ही साखळी तोडायची.

स्केल (उष्णतोपचारात बसलेला काळा थर) आणि गंज ब्लास्टिंगने काढा. ३९ एचआरसीच्या वर हा नियम पक्का धरा, अपवाद नको. ब्लास्ट केलेला पृष्ठभाग उघडा आणि भुकेला असतो. जून-जुलैत तासाभरात त्याच्यावर पिवळसर छटा येते, म्हणून जेवढं त्या शिफ्टमध्ये प्लेट होईल तेवढंच ब्लास्ट करा. मध्ये थांबायचंच असेल तर जॉब साध्या पाण्यात नव्हे, धुण्याच्या सोड्याच्या सौम्य द्रावणात बुडवून ठेवा.

तेल काढायला गरम अल्कलीचं द्रावण. विजेवरचं क्लिनिंग करत असाल तर जॉब धन टोकाला जोडा. म्हणजे त्याच्यावर ऑक्सिजन सुटतो. ऋण टोकाला जोडला की साफ लवकर होतो हे खरं, पण तिथे हायड्रोजन सुटतो आणि आपण तोच टाळतोय. बऱ्याच ठिकाणी रेक्टिफायरला (टाकीला वीज पुरवणाऱ्या यंत्राला) ध्रुव बदलायचा खटका असतो आणि तो ‘लवकर’च्या बाजूला कायमचा राहिलेला असतो. एकदा जाऊन बघा. या टाकीवर फेसाची साय जमते, तिच्यात वायू अडकलेला असतो, म्हणून चालू करंटमध्ये हुक उचलू नका. ठिणगी पडली की फेस भडकतो.

प्लेटिंगच्या तोंडावर पृष्ठभाग जागा करायला ॲसिडची छोटी डुबकी लागतेच. हायड्रोक्लोरिक ॲसिड पातळ हवं, त्यात इनहिबिटर (ॲसिडला लोखंड खाऊ न देणारं रसायन) हवाच, आणि वेळ मिनिटांत नव्हे, सेकंदांत मोजा. इनहिबिटर एकदा टाकला की वर्षभर पुरत नाही. ॲसिड टॉपअप केलं की तोही घालावा लागतो. टाकी काळसर हिरवी झाली असेल, म्हणजे त्यात लोखंड भरपूर विरघळलं असेल, तर ती हाय टेन्साइलला वापरू नका. त्यात काम हळू होतं आणि माणूस आपोआप वेळ वाढवतो.

खाडीलगतच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्याच्या शेवटी मचूळ होतं. शेवटच्या धुण्याला ते वापरलं तर जॉब वाळताना डाग पडतात आणि पुन्हा सफाईचा मोह होतो. शेवटचं धुणं गोड्या पाण्याचंच करा.

पायरी ५: टाकी कोणती

करंटचा जितका भाग धातू बसवण्यात जातो तितका हायड्रोजन कमी. ॲसिड क्लोराइड झिंकची कार्यक्षमता ९५ टक्क्यांच्या पुढे असते, म्हणून हायड्रोजनच्या दृष्टीने ती बरी. सायनाइडविना चालणारी अल्कलाइन झिंक आणि सायनाइड झिंक, दोन्ही त्यापेक्षा कमी. हार्ड क्रोम सर्वांत वाईट: तिथे करंटचा चौथा हिस्साही क्रोममध्ये जात नाही, बाकीचा बहुतेक हायड्रोजन. हायड्रॉलिक रॉडला हार्ड क्रोम करून घेत असाल तर बेकिंगचा कागद मागा.

पण नुसत्या कार्यक्षमतेवर जाऊ नका. आत गेलेला हायड्रोजन बाहेरही यायला हवा आणि चकचकीत, घट्ट झिंकचा थर त्याला झाकणासारखा अडवतो. ब्राइटनर (चकाकी आणणारं रसायन) जास्त, थर जाड, म्हणजे वाट बंद. १२ ते १५ टक्के निकेलचं झिंक-निकेल याबाबतीत चांगलं. त्यातून बेकिंगमध्ये हायड्रोजन सुटतो, आणि खाऱ्या हवेत ते साध्या झिंकपेक्षा कितीतरी जास्त टिकतं. किनाऱ्यावर १०.९ ला इलेक्ट्रोप्लेटिंगच करायचं असेल तर माझी पसंती याला. महाग आहे, आणि त्याची टाकी नीट सांभाळणारे थोडे.

सायनाइडची टाकी असेल तर एक वाक्य, कंटाळा आला तरी: तिचं आणि ॲसिडचं पाणी एका गटारात जाऊ देऊ नका. एकत्र आलं की हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू होतो.

पायरी ६: ओव्हन

प्लेटिंगच्या टाकीतून जॉब बाहेर आला की घड्याळ सुरू. शक्यतो तासाभरात, आणि कमाल ४ तासांत बेकिंग सुरू झालं पाहिजे. उशीर झाला की बारीक चिरा आधीच पडलेल्या असू शकतात आणि उष्णतेने चीर बुजत नाही. इथे कोकणाची अडचण येते. बरीचशी मंडळी प्लेटिंग घाटावर, कोल्हापूरच्या बाजूला करून घेतात आणि बेकिंग ‘आपल्याकडे करू’ म्हणतात. आंबा घाटातून पावसात गाडी खाली येईपर्यंत हे तास संपतात. साखरप्याला चहाला थांबली तर नक्कीच. ज्याची टाकी त्याचाच ओव्हन, आणि ओव्हन त्याच छपराखाली. तो नसेल तर तिथे ३९ च्या वरचा जॉब देऊ नका.

तापमान १९० ते २२० अंश. वेळ ताकदीप्रमाणे. एएसटीएम बी ८५० या मानकात तक्ता आहे: १००० ते ११०० मेगापास्कलला किमान ८ तास, १२०० ते १३०० ला १२, १४०० ते १५०० ला १६, आणि १७०० च्या वर २२. १२.९ ची ताकद किमान १२२० मेगापास्कल, म्हणजे १२ तास तर धराच. वरच्या अंगाला भरत असेल तर १४. ‘दोन तास फिरवून घेतलं’ याला बेकिंग म्हणत नाहीत.

ही वेळ जॉब तापल्यापासून मोजायची, ओव्हनचं बटण दाबल्यापासून नाही. बोल्टांनी गच्च भरलेल्या जाळीच्या मध्यभागी २०० अंश पोचायला दीड-दोन तास सहज लागतात. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) दरवाजाजवळच्या हवेत लोंबकळत ठेवू नका, ढिगाच्या पोटात खुपसा. जाळ्या उथळ ठेवा, पंखा चालू ठेवा.

पावसाळ्यात वीज जाते, हे गृहीत धरूनच जॉब लावा. झाडं पडतात, फीडर बंद होतो. लाइट गेली आणि ढिगातलं तापमान १९० च्या खाली आलं तर तो वेळ हिशेबात धरायचा नाही, उरलेले तास पुन्हा तापल्यावर पूर्ण करायचे. चार्ट रेकॉर्डर किंवा साधा डेटा लॉगर असेल तर वाद राहत नाही. नाहीतर रात्रपाळीचा मुलगा सकाळी ‘चालूच होता’ म्हणतो आणि आपल्याला मान डोलवावी लागते.

केस हार्डन स्क्रू आणि कमी तापमानाला टेम्पर केलेले जॉब २०० अंशांना मऊ पडतात. त्यांना तापमान खाली, वेळ जास्त.

पायरी ७: पॅसिव्हेशन बेकिंगनंतर

झिंकला जपणारा पिवळा किंवा निळा पॅसिव्हेशनचा थर आधी देऊन मग भाजला तर तो वाळून तडकतो आणि गंजरोधकपणा जातो, विशेषतः जुन्या हेक्झाव्हॅलंट क्रोमेटचा. क्रम असा: झिंक, धुणं, वाळवणं, बेकिंग, थंड होऊ देणं, अर्धा टक्का नायट्रिक ॲसिडात क्षणभर बुडवणं, धुणं, पॅसिव्हेशन. भाजलेलं झिंक जरा मंद होतं, त्यावर रंग एकसारखा बसत नाही. ग्राहक कुरकुर करतो. करू द्या.

पायरी ८: तपासून मगच सोडा

यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. आयएसओ १५३३० ची पद्धत वर्कशॉपात जमते: समांतर आणि पुरेशी जाड कडक प्लेट, तिला भोकं, त्यात लॉटमधले बोल्ट घालून यील्डच्या जवळपास आवळायचे आणि किमान ४८ तास ठेवायचे. २४ तासांनी पुन्हा मूळ टॉर्कवर आणायचे. एकही तुटता कामा नये. डोक्याखाली चीर दिसता कामा नये. आवळलेल्या प्लेटसमोर तोंड करून बसू नका. डोकं उडतं तेव्हा गोळीसारखं येतं, म्हणून वर जाड पत्र्याचं झाकण ठेवा. स्प्रिंग वॉशर एका बोल्टावर रांगेने ओवून, मध्ये सपाट वॉशर घालून पूर्ण दाबा आणि तसेच ठेवा.

४८ तास थांबायला वेळ नाही असं जो म्हणतो त्याचा जॉब घेऊ नये, असं माझं मत आहे.

समुद्राचा वेगळा हिशेब

आतापर्यंतचं सगळं प्लेटिंगमध्ये शिरलेल्या हायड्रोजनबद्दल होतं. किनाऱ्यावर तो पुन्हा शिरतो. झिंक स्वतः झिजून पोलाद वाचवतं, हाच तर त्याचा उपयोग. पण झिंकला ओरखडा पडला, खारं पाणी आलं, की झिंक झिजतं आणि उघड्या पोलादावर हायड्रोजन तयार होतो. म्हणजे बोल्ट बसवल्यावर महिन्यांनी तोच रोग, आणि इथे बेकिंगचा काहीच उपयोग नाही.

सॅन फ्रान्सिस्को–ओकलंड बे ब्रिजवर २०१३ मध्ये नेमकं असं झालं. गरम जस्तात बुडवलेल्या, उच्च ताकदीच्या ९६ अँकर रॉडपैकी ३२ आवळल्यानंतर काही दिवसांत तुटले. ते रॉड त्याआधी काही वर्षं भोकांत साचलेल्या पाण्यात उभे होते. आपल्या जेट्टीवरच्या, पाण्याच्या टाकीच्या किंवा टॉवरच्या पायातल्या अँकर बोल्टांच्या खोबणीत पावसाचं पाणी असंच उभं राहतं. ती खोबण भरून घ्या, निदान झाका.

म्हणून भरतीच्या शिंतोड्यात येणाऱ्या जागी ३९ एचआरसीच्या वरचा बोल्ट नकोच, कोटिंग कोणतंही असो. ८.८ वापरा. १०.९ लागलाच तर हार्डनेस ३६ च्या आत मागा, आवळल्यावर डोक्यावर आणि नटावर मेणाचा किंवा ग्रीसचा थर द्या, आणि दर आगोटीला उघडून बघा.

लॉटमधला एक तुटला तर

एक तुटला म्हणजे एकच खराब, असं धरायचं नाही. सगळे एका टाकीत, एका ॲसिडात होते. पूर्ण लॉट बाजूला काढा, बसवलेलेही काढून आणा. तुटलेल्या तोंडाला हात लावू नका, जोडून बघू नका, तेल न लावता कोरड्या पिशवीत बंद करा. त्या तोंडावरच सगळी माहिती असते.

लॉट पुन्हा भाजून सोडायचा विचार येतो. तो सोडा, पडलेली चीर भाजून भरत नाही. झिंक ॲसिडने उतरवून पुन्हा प्लेट करणं तर आगीतून फुफाट्यात. उतरवतानाही हायड्रोजनच शिरतो. लॉट भंगारात काढा, आणि काढण्याआधी ग्राइंडरने आटे मारून टाका, नाहीतर तोच माल भंगारवाल्याकडून ‘हाय टेन्साइल, स्वस्तात’ म्हणून कुणाच्या तरी विंचवर बसेल.